आरोपी सुटले, आळ राहिला



२०२५ च्या जुलै महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बाराही जणांची शिक्षा रद्द केली. या बारांपैकी पाच जणांना विशेष मकोका न्यायालयाने २०१५ साली फाशी सुनावली होती आणि सात जणांना जन्मठेप. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातल्या सातही जणांना मुक्त केले.

आमच्या गावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या दहा दिवसांत जे भाषिक नाट्य झाले ते मी जपून ठेवले आहे. पहिल्या निकालावर पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका काकांनी लिहिले, "अहो, पुराव्याअभावी सुटले ते. निर्दोष थोडेच ठरलेत!" त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. दहा दिवसांनी याच काकांनी लिहिले, "सतरा वर्षांचा छळ संपला. निर्दोष! बाइज्जत बरी!" पुन्हा अंगठे. आता तुम्ही म्हणाल, काकांचे काय घेऊन बसलात? पण आपल्या गोटात काय चालले होते? अगदी तेच, फक्त उलटे. पहिल्या निकालाला आपण "निर्दोष मुक्तता" म्हणालो आणि दुसऱ्याला "सोडून दिले", "क्लीन चिट मिळाली" असे म्हणालो. माझ्या स्वतःच्या दोन ईमेल माझ्यासमोर आहेत. एकीत 'निर्दोष' आहे, दुसरीत 'सुटले'. दोन्हींच्या मध्ये दहा दिवस आहेत आणि लिहिणारा पीएचडी झालेला शास्त्रज्ञ आहे.

गंमत म्हणजे निकालपत्रांतली भाषा पाहिली तर काका आणि मी, दोघेही तोंडावर पडतो. लोकल स्फोटांच्या निकालात उच्च न्यायालय 'संशयाचा फायदा' देऊन थांबलेले नाही. सरकार पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला आणि या लोकांनी हा गुन्हा केला यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असे न्यायालयाने म्हटले. मालेगावच्या निकालात मात्र न्यायाधीशांनी संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही असे सांगून संशयाचा फायदा दिला. म्हणजे काकांनी जिथे 'पुराव्याअभावी' लिहिले तिथे न्यायालय जास्त ठाम होते आणि जिथे 'निर्दोष' लिहिले तिथे कमी. पण कायद्याच्या लेखी दोन्ही निकालांची फलश्रुती एकच आहे. आरोप सिद्ध झाले नाहीत, माणूस दोषमुक्त. मग एकाच फलश्रुतीला दोन शब्द का? कारण आपण शब्द निकाल वाचून निवडतच नाही, आरोपींची नावे वाचून निवडतो.

सरकारही तेच करते. पहिला निकाल मुख्यमंत्र्यांना धक्कादायक वाटला आणि राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात धावले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला लावले नाही. दुसऱ्या निकालाचे मुख्यमंत्र्यांनी स्वागत केले. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याचे काम सप्टेंबरमध्ये मृतांच्या नातेवाइकांना करावे लागले.

तर आजचा विषय आहे शब्दांचा. एखाद्यावरचा आळ दूर झाला हे सांगायला मराठीत आपण कोणते शब्द वापरतो, ते शब्द कोणाला देतो आणि कोणाला देत नाही, आणि त्याने बिघडते काय.

प्रथम आपल्या भाषेची श्रीमंती पाहा. खोटा ठपका या एका गोष्टीला मराठीत किती शब्द आहेत! आळ, किटाळ, बालंट, तोहमत, कुभांड. आळ घेतात, आणतात. कुभांड रचतात. किटाळ अंगावर घालतात. या सगळ्या क्रियापदांना कर्ता आहे, म्हणजे कोणाचे तरी हात त्यात दिसतात. आता उलट दिशेने जाऊ. आळ गेला. किटाळ टळले. बालंटातून वाचला. डाग धुऊन निघाला. माणूस सुटला. इथे कर्ता कुठे आहे? किटाळ टळते ते वादळ टळावे तसे. सुटतो ती गाठही सुटते, गाडीही सुटते आणि गुन्हेगारही सुटतो. आळ घेणाऱ्याने तो परत घ्यायचा असतो, खाली उतरवायचा असतो, याची आपल्या रोजच्या बोलण्यात फारशी सोयच नाही.

'आरोपी' हाच शब्द घ्या. रोग असलेला तो रोगी, दोष असलेला तो दोषी, म्हणून आरोप असलेला तो आरोपी. आरोप ही दुसऱ्याने केलेली कृती, पण शब्द असा बनला आहे की ती जणू याच्याच अंगातली व्याधी. आणि जुनाट व्याधीसारखी ती बरी होत नाही. १९ वर्षांनी सुटलेल्या माणसाचे वर्णनही बातमीत "बॉम्बस्फोटातील आरोपी" असेच असते. आपल्याकडे 'माजी आमदार' असतो, 'माजी विद्यार्थी' असतो, पण 'माजी आरोपी' कधी ऐकला आहे?

इथे अमेरिकेत कोर्टाची भाषा तशी काही फार उदार नाही. ज्यूरी 'नॉट गिल्टी' म्हणते, 'इनोसंट' म्हणत नाही. पण त्याखेरीज एक शब्द गेल्या तीसपस्तीस वर्षांत इथल्या सार्वजनिक जीवनात रुळला आहे, तो म्हणजे 'एक्झोनरेट'. मूळ लॅटिन, अर्थ ओझे उतरवणे. या शब्दाला कर्ता लागतो, कारण ओझे कोणीतरी लादले होते आणि आता कोणीतरी ते उतरवत आहे. १९८९ मध्ये डीएनए तपासणीने इथली पहिली शिक्षा रद्द झाली, १९९२ मध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला, आणि २०१२ पासून विद्यापीठांनी चालवलेली एक राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात १९८९ पासूनची साडेतीन हजारांहून अधिक माणसे आहेत. मला या नोंदवहीतली सर्वांत मोलाची गोष्ट आकडा वाटत नाही. प्रत्येक नावापुढे चूक कशामुळे झाली ते लिहिलेले असते. साक्षीदाराची चुकीची ओळख, खोटा कबुलीजबाब, अधिकाऱ्यांचे गैरवर्तन, भोंगळ फॉरेन्सिक विज्ञान. म्हणजे माणसाच्या अंगावरून उतरवलेले ओझे हवेत सोडून दिलेले नाही, ते जिथले होते तिथे नेऊन ठेवले आहे.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे प्रकरण तुम्हाला माहीत आहेच. १९८९ मध्ये पाच काळ्या आणि लॅटिनो मुलांना बलात्काराच्या आरोपाखाली धरले. वये १४ ते १६. कबुलीजबाब घेतले, १९९० मध्ये शिक्षा झाल्या. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए जुळल्यावर त्या शिक्षा रद्द झाल्या, आणि २०१४ मध्ये शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई मान्य केली. तोवर सगळे जग त्यांना 'सेंट्रल पार्क फाइव्ह' म्हणत होते, म्हणजे गुन्ह्याच्या जागेच्या नावाने. पुढे त्यांचे नाव लोकांनी जाणीवपूर्वक बदलले आणि 'एक्झोनरेटेड फाइव्ह' केले. हे आपोआप घडले नाही. पत्रकारांनी, शिक्षकांनी, सामान्य लोकांनी ठरवून जीभ वळवली. त्यांच्यातला एक, युसेफ सलाम, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलवर निवडून आला. (अमेरिकेचे गोडवे गातो आहे असे समजू नका. त्या मुलांसाठी १९८९ मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशी परत आणा म्हणणाऱ्या गृहस्थांना या देशाने दोनदा राष्ट्राध्यक्ष केले, आणि काही राज्यांत चुकून तुरुंगात डांबलेल्या माणसाला भरपाई देण्याचा कायदाच अजून नाही.)

आता आपल्याकडचा लाडका शब्द: क्लीन चिट. इथल्या एखाद्या सहकाऱ्यासमोर वापरून पाहा, त्याला काही कळणार नाही, कारण तो शब्द अस्सल देशी आहे. आपली चिठ्ठी इंग्रजांनी उचलली, तिची 'चिट' केली. १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात चिटचा एक अर्थ दिला आहे: नोकराला दिलेला दाखला. साहेब बदलून जाताना खानसाम्याला, आयाला चिठ्ठी द्यायचा की माणूस प्रामाणिक आहे, चोर नाही. ती चिठ्ठी नसेल तर पुढची नोकरी नाही. म्हणजे एके काळी ही गरिबाची गरज होती. आज क्लीन चिट कोणाला मिळते? मंत्र्याला, महामंडळाच्या अध्यक्षाला, पक्ष बदललेल्या पुढाऱ्याला. आणि ती देते कोण? न्यायालय क्वचित. बहुतेक वेळा चौकशी समिती, तपास यंत्रणा, कधी कधी तर पक्षाचा प्रवक्ता. खटला उभा न राहताच, साक्षीदार न तपासताच माणूस स्वच्छ. उलट ज्याचा खटला नऊ-नऊ, दहा-दहा वर्षे चालला, ज्याच्या प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी झाली, तो मात्र 'पुराव्याअभावी सुटला'. जो कधी तपासलाच गेला नाही त्याला 'क्लीन' आणि जो अग्निपरीक्षा देऊन आला त्याला 'सुटला'. भाषेतली वर्गव्यवस्था म्हणतात ती ही!

"पण शब्दांनी काय होते?" असे कोणी विचारील. नोकरी जाते, इतके होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका पोलिस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की 'सन्मानपूर्वक मुक्तता' किंवा 'पूर्णपणे दोषमुक्त' असे शब्द ना फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेत ना दंड संहितेत, ते न्यायालयांच्या निकालांतून घडत आले आहेत. आणि तरीही त्याच शब्दांवरून ठरते की माणसाला परत कामावर घ्यायचे की नाही. सन्मानाने सुटला असेल तर त्याची बाजू भक्कम, नुसता संशयाचा फायदा घेऊन सुटला असेल तर खाते म्हणणार की आमची चौकशी वेगळी. कायद्यात नसलेला शब्द माणसाच्या पोटावर पाय देतो. आणि शब्द तरी कसा, 'फायदा'! दहा वर्षे तुरुंगात काढली आणि शेवटी फायदा झाला म्हणे.

दोन प्राध्यापकांची गोष्ट सांगतो. टेनेसी विद्यापीठातल्या अनमिंग हू यांना २०२० मध्ये अटक झाली, चीनशी संबंध लपवल्याच्या आरोपावरून. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना दोषमुक्त केले आणि त्यानंतर विद्यापीठाने त्यांना परत कामावर घेतले. दुसरे प्राध्यापक जी. एन. साईबाबा. दिल्लीत इंग्रजी शिकवत. ९० टक्के अपंगत्व, चाकांची खुर्ची. २०१४ मध्ये अटक, २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयात जन्मठेप, मग नागपूरच्या तुरुंगातला अंडा सेल. २०२१ मध्ये कॉलेजने नोकरीवरून काढले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल रोखला. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने त्यांना पुन्हा मुक्त केले. म्हणजे एका माणसाला दोन वेळा दोषमुक्त व्हावे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. नोकरी काही परत मिळाली नाही. आपल्या वर्तमानपत्रांत अखेरपर्यंत ते काय होते? 'नक्षलवादाच्या आरोपातून सुटलेले साईबाबा'. सुटलेले.

आणि हे तरी नावाजलेले नाव. ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत त्यांचे काय होते ते पाहा. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. एकाच घरात पाच जणांचा खून, बलात्कार. अंगावर काटा यावा असा गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना धरले, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे कळले की त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या वेगळ्याच चार जणांचे फोटो ओळखून दाखवले होते, आणि त्या चौघांचे काय झाले हे कोणी पाहिलेच नव्हते. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणाले, आणि हेही नोंदवले की ही माणसे भटक्या जमातीतली असल्यामुळे त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

१६ वर्षे! दहा वर्षे सहा माणसांच्या डोक्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने टांगलेली फाशी. त्या मार्चमध्ये माझ्या इनबॉक्समध्ये याबद्दल एकही फॉरवर्ड आला नाही. आपल्या पुरोगामी मित्रांकडूनसुद्धा नाही. आणि मीही पाठवला नाही.

या सहा जणांच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि तोही शब्दाचाच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना आपण नाव दिले 'विमुक्त'. किती सुंदर शब्द! पण जरा थांबून पाहा. विमुक्त म्हणजे सुटलेले. कोणी म्हटले का की हे निर्दोष होते, आम्ही यांच्यावर ऐंशी वर्षे कुभांड रचले? नाही. फाटक उघडले आणि म्हटले, जा, सुटलात. मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले आणि पोलिसांच्या वह्या तशाच ठेवल्या. गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर, हा रिवाज चालू राहिला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले, म्हणजे जगाने मारलेला शिक्काच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. साहित्य अकादमीचा पुरस्कार दिला आपण त्या पुस्तकाला. शिक्का मात्र काढला नाही.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाच अनेक वर्षे पटत होता. माझा धंदाच असा की पुरावा नसणे म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे, हे वाक्य मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा ऐकवले आहे. म्हणून मी म्हणायचो, 'दोष सिद्ध झाला नाही' इतकेच म्हणा, 'निर्दोष' का म्हणता? ऐकायला फार शास्त्रीय वाटते. पण हे शास्त्र अर्धे आहे. प्रयोगशाळेत एखादा दावा पुराव्यावर टिकला नाही तर आपण काय म्हणतो? दावा पडला म्हणतो. ज्या रेणूबद्दल दावा होता तो रेणू 'सुटला' असे म्हणत नाही! अपयश दाव्याचे असते आणि दावा करणाऱ्याचे असते. शिवाय कोर्टात पाटी कोरी नसते. माणूस निर्दोष आहे या गृहीतापासूनच सुरुवात असते. सरकार ते गृहीत मोडू शकले नाही तर माणूस होता तिथे, निर्दोषपणाकडे, परत येतो. मध्ये कुठेतरी लोंबकळत राहत नाही. स्कॉटलंडमध्ये 'नॉट प्रूव्हन' नावाचा लोंबकळता निकाल कित्येक शतके होता. तो बंद करणारे विधेयक तिथल्या संसदेने २०२५ मध्ये मंजूर केले. आपण मात्र कायद्यात नसलेला तो तिसरा निकाल 'पुराव्याअभावी' या एका शब्दाने घरोघरी चालू ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो आपल्याच माणसांचा आहे. दलितांवरच्या अत्याचारांच्या खटल्यांत काय होते? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. तिथेही 'निर्दोष' म्हणून गप्प बसायचे का? माझे उत्तर असे आहे की दोन प्रश्न वेगळे ठेवा. एक, खटल्यातल्या माणसाला कायद्याने काय म्हणायचे. दोन, सरकारला काय म्हणायचे. पहिल्याचे उत्तर सगळ्यांना सारखे हवे, आवडत्याला आणि नावडत्याला, पालावरच्या माणसाला आणि साध्वीलाही. अपील करा, फेरतपास मागा, पण न्यायालयाने दिलेला शब्द आपल्या रागलोभाप्रमाणे बदलू नका. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बिलकूल गप्प बसू नका. मुलगा मेला हे तर खरे ना? लोकल गाड्यांत १८९ माणसे मेली, मालेगावात सहा मेली, हे तर खरे ना? मग मारले कोणी? साक्षीदार का फिरले? खरे गुन्हेगार कुठे आहेत? आरोपीला दोषमुक्त म्हणताना सरकारला क्लीन चिट देण्याची काहीच गरज नाही. उलट 'आरोपी सुटले' या वाक्याचा सर्वांत मोठा लाभार्थी पोलिस खाते आहे. कारण त्या वाक्यात ते खाते कुठे दिसतच नाही.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. 'आरोपी सुटले' असे लिहू नका, 'पोलिसांचा दावा न्यायालयात टिकला नाही' असे लिहा. कर्ता बदला, वाक्य आपोआप खरे होईल. 'पुराव्याअभावी' लिहायचेच असेल तर पुरावा आणण्याची जबाबदारी कोणाची होती तेही त्याच वाक्यात लिहा. निकालानंतर कोणाला 'आरोपी' म्हणू नका. 'क्लीन चिट' हा शब्द ज्यांचा खटला कधी चाललाच नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा, तिथे तो उपरोध म्हणून शोभतो. आणि भाषेच्या पलीकडची मागणी अशी: भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात खोट्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई देण्याची कायदेशीर चौकट सुचवली होती. १ जुलै २०२४ पासून नवी फौजदारी संहिता आली, पण ती चौकट काही आली नाही. भारतातल्या प्रत्येक गोष्टीवर सह्यांच्या मोहिमा काढणारे आपण, एक मोहीम यासाठी का काढू नये?

आपल्या जुन्या भाषेत एक शब्द होता: शुद्धिपत्र. जातीबाहेर टाकलेल्या माणसाला परत घेताना त्याच्या हाती तो कागद द्यायचे आणि मग त्याला पंगतीत बसवायचे. ती व्यवस्था जातीची होती, माणसाला बाहेर टाकण्याचा अधिकारच मुळात तिने बळकावला होता, तिच्यासाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण एक गोष्ट तिला कळत होती. माणूस नुसता सुटून भागत नाही. ज्यांनी बाहेर काढले त्यांनीच, सगळ्यांसमोर, परत आत घ्यावे लागते. गंमत पाहा, आज तोच शब्द आपण छापील चुकांच्या यादीसाठी वापरतो. आमच्या धंद्यात चूक निघाली की मूळ निबंधाला शुद्धिपत्र जोडले जाते आणि मूळ निबंध उघडणाऱ्याला ते दिसते. २००६ मध्ये ज्या पहिल्या पानांवर बुरखे घातलेल्या माणसांचे फोटो छापले, त्या पानांना असे काही जोडलेले मी पाहिलेले नाही.

त्या वेळी मी विशीत होतो आणि नार्को चाचणीच्या बातम्यांवर माझा पूर्ण विश्वास होता, कारण त्यांत 'शास्त्रीय' हा शब्द होता. अशी चाचणी जबरदस्तीने करणे घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. त्यानंतरही मी विचार बदलला नाही. शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या माणसाला यापेक्षा लाजिरवाणे काय असेल? तेव्हा सुरुवात माझ्यापासून.

शुद्धिपत्र: ३० सप्टेंबर २०१५ रोजी, लोकल स्फोटांच्या शिक्षा जाहीर झाल्या त्या रात्री, मी तुमच्यापैकी अनेकांना एक ईमेल पाठवली होती. तीत "अखेर खरे गुन्हेगार सापडले" असे वाक्य होते. ते वाक्य चूक होते. ज्या बारा माणसांबद्दल मी ते लिहिले त्यांच्यातला एक २०२१ मध्ये करोनाने तुरुंगातच वारला, त्याला हे कधीच कळणार नाही. उरलेल्या अकरांनाही बहुधा कळणार नाही. पण ते वाक्य तुम्ही वाचले होते. म्हणून तुमच्यासमोर मागे घेतो आहे. ज्यांनी ते पुढे पाठवले असेल त्यांनी, कृपया, हेही पाठवावे.